सात नंबरची डबी

माईकवाल्याला मंडळीत सगळे ओळखत, पण त्याचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नव्हता. बावीस वर्षं तो चर्चच्या मागच्या कोपऱ्यात, फळ्या ठोकून केलेल्या केबिनमध्ये बसून दुसऱ्यांचे आवाज कमी-जास्त करत होता. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये जायचं, एकेका माईकसमोर तोंड न्यायचं आणि "चालू आहे का? चालू आहे का?" म्हणायचं, एवढंच काय ते त्याचं जाहीर भाषण. पोटापाण्यासाठी घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. तिथे तो पंखे, इस्त्र्या आणि जुने रेडिओ दुरुस्त करायचा, आणि गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की स्क्रू-ड्रायव्हर दातात धरायचा, म्हणजे उत्तर द्यायला नको.

केबिनमधून त्याला मंडळीच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. कोणाची प्रार्थना किती वेळ चालणार हे त्याला घड्याळ न बघता कळायचं. आमेनमामांची चार मिनिटं, पाहुणे आले असले तर सहा. आमेनमामा म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांमधले सगळ्यात जुने पंच, लाकडाच्या वखारीचे मालक. दुसऱ्याच्या प्रार्थनेला ते असं दणदणीत आमेन म्हणायचे की माईकवाला त्यांच्या बाजूचा माईक आधीच खाली आणून ठेवायचा, नाहीतर स्पीकर शिट्टी मारायचा. दर रविवारी मामा उभे राहून अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईसाठी दीर्घायुष्य मागायचे. आवाज कापरा व्हायचा, रुमाल निघायचा. रुमाल खोटा नव्हता हेही सांगायला हवं. मामांना आईबद्दल खरंच वाईट वाटायचं, फक्त ते वाटायला त्यांना समोर माणसं लागायची. आईचं हगणंमुतणं पगारी बाई काढायची.

माईकवाल्याच्या घरची तऱ्हा वेगळी. त्याची बायको शाळेत शिवण शिकवायची, म्हणून सगळे तिला शिवणबाई म्हणायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो सकाळी खोलीत शिरला, तर ती भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलेली. ओठ हलत होते. त्याची चाहूल लागताच ओठ थांबले.

"काही हवंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग जरा बाहेर जाता? मी बोलतेय."

तो निमूट बाहेर गेला. तिच्या वडिलांची शिकवण होती, दुसऱ्याचं पत्र वाचू नये आणि दुसऱ्याची प्रार्थना ऐकू नये. ती दोघांची असते, तिसऱ्याने तिथे कान नेणं म्हणजे चोरीच. माईकवाल्याला हे फार आवडलं, कारण चारचौघांत डोळे मिटून बोलायचं म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. मग घरात तो नियमच होऊन गेला. एकाने डोळे मिटले की दुसऱ्याने दार ओढून घ्यायचं. तीस वर्षं दोघं एकाच देवाशी बोलत होती आणि एकमेकांच्या बोलण्यातलं अक्षरही दोघांना ठाऊक नव्हतं. मूल झालं नाही तेव्हा ती देवाला काय म्हणाली, हे त्याने कधी विचारलं नाही.

अडीच वर्षांपूर्वी शिवणबाई शाळेच्या जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरबाईंनी घरी पाठवताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. आणि दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं हात टेकतील. "पाणी हेच हिचं औषध समजा, गोळ्या नावाला आहेत," त्या म्हणाल्या. आता पाणी दिलं की बेडपॅन द्यायचा, बेडपॅन दिला की पुसायचं, कूस बदलायची, चादर नीट करायची, तोवर पुन्हा पाण्याची वेळ. माईकवाल्याने जुन्या दाराच्या बेलचं बटण तिच्या उजव्या हाताशी बसवलं. एक घंटा दुकानात लावली, एक तो झोपायचा त्या खोलीत. दिवसरात्र मिळून वीस-बावीस वेळा ती बेल वाजायची.

त्याच सुमारास त्याने आजाऱ्यांची लाईन टाकली. चर्चच्या आसपास नऊ घरांत कोणी ना कोणी पडून होतं. त्या नऊ घरांपर्यंत त्याने वायर ओढली आणि प्रत्येक उशाशी एक स्पीकरची डबी ठेवली, म्हणजे रविवारची उपासना अंथरुणात ऐकू यावी. डबीतून ऐकता यायचं, बोलता यायचं नाही. केबिनमध्ये नऊ खटके आणि नऊ लाल दिवे. खटका वर केला की त्या घरातली डबी बोलायला लागायची. दोन नंबर आमेनमामांच्या आईचा. सात नंबर त्याच्या स्वतःच्या घरचा. हे काम त्याने फुकट केलं आणि त्याबद्दल उपासनेत आभार मानले गेले ते आमेनमामांचे, कारण वायरीचे खांब वखारीतले होते.

तर त्या शनिवारची गोष्ट. चार नंबरच्या डबीत खरखर येते अशी तक्रार होती, म्हणून माईकवाल्याने केबिनमधला माईक लावून नऊच्या नऊ खटके वर केले, एक जोड घट्ट केला आणि खुर्चीत बसला. आदल्या आठवड्यात शिवणबाईला ताप होता आणि तो सलग दोन तासही झोपलेला नव्हता. दुपारी दुकानात डुलकी लागून तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर पडली होती. चर्चमध्ये दुसरं कोणी नव्हतं. दार लावलेलं होतं. दर शनिवारी काम संपलं की तो इथेच आपलं बोलणं बोलून घ्यायचा, आणि मोठ्याने बोलायचा, कारण उभ्या आठवड्यात मोठ्याने बोलायची ही एकच जागा होती.

"प्रभू, मला झोप पाहिजे," तो म्हणाला. "दुसरं काही नको. बेल वाजली की आता मला तिची दया येत नाही, राग येतो. काल कुशीवर वळवताना मी तिला मुद्दाम जोरात वळवलं. ती काही बोलली नाही. मला हे नाही जमत आता. घेऊन जा तिला. तिलाही सुटू दे, मलाही सोडव. घेऊन जा."

मग तो बराच वेळ टेबलावर डोकं टेकून रडला. रडता रडताच, पुटपुटल्यासारखं, पुढचं बोलला.

"नको. ऐकू नकोस माझं. मी हे बोललोच नाही असं धर. ठेव तिला. झोप नको मला, बेल वाजू दे. ती राहू दे."

डोळे पुसून त्याने मान वर केली तेव्हा नऊ लाल दिवे पेटलेले होते.

म्हणजे नऊच्या नऊ डब्या हे सगळं बोलल्या होत्या. त्याने नऊही खटके एकदम खाली ओढले, केबिन उघडीच टाकली आणि घराकडे पळत सुटला. शिवणबाई डोळे मिटून पडली होती. उशाजवळच्या स्टुलावर डबी होती तिथेच होती.

"आलात?" ती म्हणाली. "जेवून घ्या."

बाकी काही नाही. ऐकलंस का, हे विचारायला त्याची जीभ उचलेना, कारण विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं. तो जेवला. जेवण कशाचं होतं हेही त्याला आठवलं नाही.

आमेनमामांच्या आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोन नंबरची डबी कायम पूर्ण आवाजावर असायची, आणि त्या दिवशी खिडकी उघडी होती. वखारीच्या फाटकाशी तीन माणसं फळ्या न्यायला उभी होती. मोठ्याने बोललेलं त्यांनी सगळं ऐकलं. पुटपुटलेलं काही रस्त्यापर्यंत पोचलं नाही. बाकीच्या घरांत शनिवारी डबीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. रविवारी सकाळी उपासना सुरू व्हायच्या आधीच माईकवाल्याने बायकोचं मरण मागितलं हे मंडळीत पसरलं होतं. त्या दिवशी केबिनमधून त्याला पाठी दिसल्या नाहीत, चेहरे दिसले.

मंगळवारी आमेनमामा चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन दुकानात आले. पाळकसाहेब तरुण होते, मनाने वाईट नव्हते, पण पंचांनी ऊठ म्हटलं की उठायचे आणि बस म्हटलं की बसायचे. मामांनी फळांची पिशवी टेबलावर ठेवली.

"अरे बाबा, काय हे करून बसलास?" मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "आजारी बायको म्हणजे प्रभूने दिलेली सेवा. मी आईचं करतो ते बघतोस ना?"

माईकवाल्याने स्क्रू-ड्रायव्हर दातात धरला.

"पंचांचं म्हणणं असं पडलं," पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "की येत्या साक्षीच्या रविवारी आपण पुढे येऊन दोन शब्द बोलावेत. पश्चात्तापाचे. तोपर्यंत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस... जरा थांबू या."

साक्षीचा रविवार म्हणजे महिन्याचा पहिला रविवार. ज्याला आपलं पाप किंवा प्रभूचा उपकार सांगायचा असेल त्याने पुढच्या माईकवर यायचं. दारू सुटलेली माणसं तिथे इतक्यांदा रडली होती की काहींनी पुन्हा रडायला मिळावं म्हणून पुन्हा धरली, असं शिवणबाई गमतीने म्हणायची.

माईकवाल्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला. "मी देवाशी बोललो होतो. त्याच्याशी मिटवलंय तिथल्या तिथे."

"आमच्याशी कुठे मिटवलंस?" मामा म्हणाले. "पाप चारचौघांच्या कानावर गेलंय, तर पश्चात्तापही जायला हवा. आणि जमलं तर आईच्या डबीचा आवाज जरा कमी करून दे."

आवाज कमी करायला तो दुसऱ्या दिवशी गेला. आमेनमामांची आई नव्वदीची, हातापायाच्या नुसत्या काड्या, पण जीभ शाबूत. पगारी बाई आत चहा करत होती.

"मी कोणाला काही सांगितलं नाही हो," म्हातारी म्हणाली. "ते रस्त्यावरचे मेले."

"असू दे, आजी."

"चांगली प्रार्थना होती रे. घेऊन जा म्हणालास. माझ्यासाठी असं कोणी मागत नाही. आमचा हा दर रविवारी आयुष्य मागतो, आणि तो वरचा देतोय बापडा. नंतर तू फिरलास, ठेव म्हणालास, तेही ऐकलं मी. डबीला कान लावून ऐकलं. ती भाग्यवान आहे तुझी बायको. आवाज कमी करू नकोस. मला ऐकू येत नाही."

माईकवाल्याने बटणाला हात न लावता डबी पुसली आणि निघाला. रस्त्यात त्याला जरा हलकं वाटलं. म्हातारीला सगळं ऐकू गेलं, तर घरीही सगळं गेलं असणार. पहिलं ऐकलं असेल तर शेवटचंही ऐकलं असेल. मग त्याने काही न बोललेलंच बरं. त्या घरात नाहीतरी एकाचं देवाशी झालेलं बोलणं दुसऱ्याने काढायचं नसायचं.

पण बेल कमी वाजायला लागली. आधी दहा-बारा वेळा, मग सहा, मग चार. "पाणी देऊ?" त्याने आत जाऊन विचारलं की ती म्हणायची, "शेजारीण देऊन गेली आत्ताच." "कूस बदलू?" "आहे ते बरं आहे." रात्री तर बेल वाजायचीच नाही. पहिले चार दिवस माईकवाला गाढ झोपला. अडीच वर्षांत झोपला नव्हता असा झोपला, सकाळी ऊन तोंडावर आल्यावर उठला. हे चार दिवस त्याला पुढे जन्मभर टोचले.

पाचव्या दिवसापासून त्याची झोप उडाली. बेल वाजत नाही म्हणून तो जागा राहायला लागला. बेलची वायर तपासली, बटण उघडून साफ केलं, स्वतः दाबून बघितलं. बेल ठणठणीत होती. बेडपॅनमध्ये जे थोडंसं यायचं ते गडद, कोऱ्या चहाच्या रंगाचं. नव्या गोळ्यांनी होत असेल, असं त्याने मनाशी धरलं. खरं म्हणजे त्याला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. ती रागावली आहे, बोलणं सोडायचं तिच्या स्वभावात नाही म्हणून मागणं सोडलंय, असा त्याचा हिशेब होता. शेजारणीला एका शब्दाने विचारलं असतं तर सगळं उघड झालं असतं. शेजारीण पंधरा दिवस बहिणीकडे गेलेली होती.

साक्षीच्या रविवारी जायचं नाही असंच त्याच्या मनात होतं. आदल्या दिवशी तिची चादर बदलताना त्याला माकडहाडाजवळ जखम दिसली, रुपयाएवढी, काळपट. वळवलं असतं तर झाली नसती, आणि वळवायला तिने बेल मारली असती तर तो आला असता. तेव्हा त्याने ठरवलं. तोंडावर त्याला बोलता येणार नव्हतं. तीस वर्षांत ती सवयच नव्हती. पण डबी होती. उपासनेच्या वेळी ती एकटी पडून ऐकत असते, तिच्या कानात बोलता येईल.

चर्च त्या दिवशी गच्च भरलं होतं. दुसऱ्याचं पाप ऐकायला माणसं वेळेवर येतात. पाळकसाहेबांनी खूण केल्यावर माईकवाला केबिनमध्ये उभा राहिला, सभागृहाच्या स्पीकरचा मुख्य खटका त्याने खाली ओढला, एकापासून नऊपर्यंतचे सगळे दिवे विझवले आणि एकटा सात नंबरचा खटका वर केला. मग मधल्या वाटेने चालत पुढे गेला.

माईकला ओठ लावून तो बोलायला लागला, नेहमी बोलायचा तसा, हळू. ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. लोकांना आधी वाटलं हुंदका दाटलाय.

"आवाज येत नाही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मोठ्याने बोल!" आमेनमामा म्हणाले. "लाजू नकोस, प्रभूची मंडळी आहे!"

पहिल्या बाकावरच्या दोन-चार जणांना तुटक तुटक काही ऐकू आलं असेल. तो म्हणत होता, "अगं, मी बोलतोय. ऐकतेस ना? त्या शनिवारी मी ते मागितलं, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू. दमलो होतो. जोरात वळवलं तुला, तेही खरं. पण नंतर म्हणालो ते जास्त खरं. तू ऐकलंस ना नंतरचं? मग रागावू नकोस. बेल मारत जा. पन्नास वेळा मार. तू बेल मारत नाहीस तर मला झोप लागत नाही. मला तू हवी आहेस. घरी हे बोलता येत नाही मला, म्हणून इथे आलोय. पाणी पी."

एवढं बोलून तो वळला आणि तडक बाहेर पडला. मागे गलका झाला. पाळकसाहेब केबिनमध्ये जाऊन खटके खालीवर करत होते आणि मामा सांगत होते की सैतानाने वायर तोडली.

घरी येताना माईकवाल्याची पावलं झपाझप पडत होती. कित्येक दिवसांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं. तो खोलीत शिरला. शिवणबाईचे ओठ सुकून भेगाळलेले होते.

"संपली उपासना?" ती म्हणाली. "लवकर आलात आज."

"ऐकलंस?"

"काय?"

त्याने डबीकडे बघितलं. मग स्टूल पुढे ओढलं. डबीच्या मागची वायर काढलेली होती आणि तिचं टोक खाली, स्टुलाच्या पायाशी पडलेलं होतं. त्यावर धूळ बसली होती. बाकीच्या आठ घरांतल्या डब्या तो दर महिन्याला तपासायचा; आपल्या घरातली कधी तपासली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"ही कधी काढलीस?"

शिवणबाई भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या शनिवारी. आधी मला कळेना तुम्ही कोणाशी बोलताय. घेऊन जा तिला, म्हणालात, तेव्हा कळलं. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. तुम्ही त्याच्याशी बोलत होतात. मी कशाला कान लावू? म्हणून वायर ओढून काढली."

"आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

"पुढे मी नको म्हणालो," तो म्हणाला. "ठेव तिला म्हणालो. बेल वाजू दे म्हणालो. सगळं परत घेतलं मी. त्या म्हातारीने ऐकलं, तिला विचार."

तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं त्याला वाटलं, पण ती हसत होती, आवाज न करता, सुकलेल्या ओठांनी.

"अहो," ती म्हणाली, "मग मी तीन आठवडे पाणी कशाला टाकलं?"

तिने सगळं सांगितलं. पाणी कमी प्यायलं की बेल कमी मारावी लागते आणि त्याला झोप मिळते, हे एक. दुसरं, त्याने आयुष्यात कधी काही मागितलेलं तिच्या कानावर आलं नव्हतं. पहिल्यांदा आलं, आणि ते देणं तिच्या हातात होतं. "तुम्ही मागताय आणि मीच आडवी पडलेय, असं झालं ना," ती म्हणाली. "सुटली असती आपली दोघांची कटकट." तिने हे रागाने म्हटलं नाही. त्याने पेला तिच्या ओठांना लावला आणि ती सगळं पाणी प्यायली, पुन्हा मागितलं, पुन्हा प्यायली.

डॉक्टरबाई संध्याकाळी आल्या. त्यांनी माईकवाल्याला दुकानात बोलावून विचारलं, इतके दिवस तुम्ही काय करत होता? मूत्रपिंडांनी हात टेकले होते आणि विष अंगभर पसरायला लागलं होतं. दवाखान्यात न्यायचं तर न्या, पण नेऊन फार काही होईल असं सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. शिवणबाई म्हणाली, मला इथेच राहायचंय.

तीन दिवस बेल पूर्वीसारखी वाजली. पाणी, बेडपॅन, कूस, पुन्हा पाणी. माईकवाला दुकान बंद ठेवून धावत होता. बुधवारी दुपारी तिला ग्लानी आली आणि बेल थांबली. तो पुढच्या खोलीत तिच्या औषधाची बाटली उकळत्या पाण्यातून काढत होता, तेवढ्यात बेल वाजली. हातातलं टाकून तो धावला.

"काय हवंय? पाणी? वळवू?"

तिने डोळे उघडले. "काही नको," ती म्हणाली. "चालू आहे का, ते बघितलं."

तिच्या तोंडून तो शनिवारचा प्रश्न ऐकून त्याला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तो ओक्साबोक्शी रडला. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि तिचे ओठ हलायला लागले. सवयीने तो उठला, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती.

दफनविधीला सगळी मंडळी आली. माईकवाला केबिनमध्येच बसला, कारण दुसऱ्या कोणाला ते काम येत नव्हतं. आमेनमामा माईकवर आले. त्यांनी माईकवाल्याला क्षमा केली होती, आणि ती किती मनापासून केली हे सांगता सांगता त्यांचा रुमाल निघाला. "आमचा हा भाऊ चुकला," ते म्हणाले. "पण प्रभूची कृपा बघा. दुबळ्या माणसाचं दुबळं मागणं, तेही त्याने ऐकलं. आमच्या बहिणीला त्याने वेदनांतून सोडवलं. त्याने मागितलं आणि प्रभूने दिलं!"

सगळं चर्च आमेन म्हणालं. माईकवाल्याचा हात मुख्य खटक्यावर होता, पण त्याने तो ओढला नाही. तो तिथे बसून विचार करत होता की आपण दोन गोष्टी मागितल्या होत्या आणि पहिली तेवढी मिळाली. वरही कोणीतरी सभ्यपणाने मध्येच वायर काढून टाकली असेल, असं त्याच्या मनात आलं. त्यानंतर कित्येक दिवस त्याने तोंड उघडलं नाही, केबिनमध्ये नाही आणि घरीही नाही. शनिवारी चर्चमध्ये जायचा, माईक तपासायचा, दिवे विझवायचा आणि घरी येऊन बसायचा. झोप लागायची. ती लागते याचीच त्याला घृणा वाटायची.

महिन्याभराने दोन नंबरची डबी बिघडली म्हणून निरोप आला. आमेनमामांच्या आईच्या उशाशी बसून त्याने डबी उघडली, सुटलेला जोड लावला आणि पुन्हा बंद केली. म्हातारी त्याच्याकडे बघत होती.

"ऐकलं मी, आमचा हा काय बरळला ते," ती म्हणाली. "मागितलं आणि दिलं म्हणे."

माईकवाल्याने बंद केलेल्या डबीचा स्क्रू पुन्हा आवळला.

"नंतरचं मी ऐकलंय. ठेव तिला, म्हणालास. दुसरं कोणी ऐकलं नाही, मी ऐकलं." तिने आपला काडीसारखा हात त्याच्या मनगटावर, इस्त्रीच्या डागावर ठेवला. "मला जायचंच आहे आता. गेले की पहिलं तिथे सांगते. आणि त्याने का ऐकलं नाही, ते विचारते."

त्याने मान हलवली. मग डबीची वायर नीट आत बसली आहे ना, ते दोनदा ओढून बघितलं, आणि आवाज होता तेवढाच ठेवला.